परड्यातले कंद पुण्या-मुंबईला विकायचे तर सुरुवात कुठनं करायची?

शिराळा तालुक्यातल्या एका बचत गटातल्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या वाडीवर परड्यात सुरण, कोनफळ, कणगी, करांदे, आळकुड्या असं सगळं सासूबाईंच्या काळापासून आहे, पण आठवडी बाजारात कोण विचारत नाही आणि विचारलंच तर बटाट्यापेक्षा कमी रेटनं मागतात. हे पुण्या-मुंबईला विकता येईल का, पावडर करायचं मशीन घ्यावं का, आणि एक जण म्हणतोय एकरी लागवड करा, बेणं आम्ही देतो, माल पण आम्हीच उचलतो, तर त्याचं ऐकावं का.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण त्यात नुकसान मोठं आहे. ऐकू नका. बेणं विकणारा आणि माल घ्यायचा शब्द देणारा एकच माणूस असेल तर त्याचा धंदा बेण्याचा असतो, मालाचा नसतो. २००० नंतरच्या काही वर्षांत सफेद मुसळी या औषधी मुळीचं असंच झालं, आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी महागडं बेणं घेतलं, पहिल्या लाटेतल्यांनी पुढच्यांना बेणंच विकून पैसे केले आणि खरी मुळी विकायची वेळ आली तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. आणि २०१९ ला कडकनाथ कोंबडीचं काय झालं ते तर वाळवा-शिराळ्यात घराघरात माहीत आहे, पिल्लं देऊन माल परत घ्यायचा शब्द देणारी कंपनीच बुडाली आणि लोकांचे पैसे अडकले. हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात माका नावाचा एक डोंगरी कंद आहे, २०१४ च्या सुमारास चिनी व्यापाऱ्यांनी त्याला तुफान रेट दिला, सगळ्यांनी लावला, मग चीनमध्येच युनानला त्याची लागवड वाढली आणि पेरूतला भाव कोसळला. तेव्हा कुणी एकरात बोलायला लागला की तुम्ही किलोत बोला, पहिलं वर्ष फक्त परड्यातल्या मालावर काढा.

आता मूळ मुद्दा. इतकी वर्षं सातारा-सांगलीच्या डोंगरपट्ट्यातल्या गटांबरोबर हा माल विकतोय त्यावरनं सांगतो, कंद शेतात अडकलेला नाही, शहरातल्या ओट्यावर अडकलाय. पुण्यातली एखादी बाई सुरण हातात घेते, फिरवून बघते आणि परत ठेवते, तिला तो महाग वाटलेला नसतो, तिला भीती वाटते की हाताला खाज सुटंल, पोरांचा घसा धरंल, आणि हा मातीनं भरलेला गड्डा कापायचा कसा. ही भीती खोटी नाही. सुरणात आणि आळकुडीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीला आणि घशाला टोचतात म्हणून खवखवतं. आपल्या बायका हाताला तेल लावून चिरतात, चिंच नाहीतर आमसूल घालून शिजवतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, पण जी पोरगी फ्लॅटमध्ये वाढली आणि जिच्या आईनंच कधी सुरण आणला नाही तिला हे माहीत असायचं कारणच नाही. म्हणून मी प्रत्येक गटाला हेच सांगतो की जाहिरातीवर पैसे घालवायच्या आधी ही भीती घालवा. बहुतेक लोक उलटं करतात, "विसरलेलं सुपरफूड" असं काहीतरी छापून पिशवी आकर्षक करतात, गिऱ्हाईक एकदा कुतूहलानं घेतं, घरी घसा खाजतो, परत कधीच येत नाही, आणि वर दहा जणींना सांगतं.

त्यामुळं कुठला कंद कुणाला द्यायचा हे आधी ठरवायचं. तुमच्या यादीतले सगळे एका टोपलीत घालू नका.

कणगी नवीन गिऱ्हाईकासाठी सगळ्यात सोपी. मिठाच्या पाण्यात उकडायची, साल हातानं निघते, गोडसर लागते, पोरं आवडीनं खातात. खाज नाही, कटकट नाही. साल पातळ असल्यानं काढताना आणि नेताना जपावी लागते आणि सुरणासारखी महिनोन्महिने टिकत नाही, म्हणून तीच आधी विकून मोकळं व्हायचं. स्टॉल लावला तर उकडलेल्या कणगीचं पातेलं पुढं ठेवा, कच्चा माल मागं. एक खाल्ली की अर्धा किलो जातेच, हे मी कायम बघत आलोय.

कोनफळाबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण मला वाटतं आपल्या डोंगरपट्ट्यातला खरा पैसा यात आहे. जांभळ्या गराचं कोनफळ आणि फिलिपिन्समधला उबे हे एकाच जातीचे कंद, शास्त्रीय नाव पण एकच, डायोस्कोरिया अलाटा. उबेचं आईस्क्रीम, केक, कॉफी हे गेल्या काही वर्षांत जगभर पसरलं आणि आता पुण्या-मुंबईतल्या कॅफेत पण बाहेरून आणलेली पावडर आणि अर्क वापरून ते बनवतात, तर तोच कंद पाटण-शिराळ्याच्या मांडवावर चढलेला असतो आणि इथं त्याला कोण विचारत नाही. पण इथंच थोडं सावध राहायचं. सगळी कोनफळं जांभळी नसतात, बरीच पांढरी असतात, काहींची नुसती सालीखाली जांभळी झाक असते, आणि फिलिपिन्सच्या खास वाणांचा जो वास आहे तो आपल्या वाणात तसाच असंल असं नाही. त्यामुळं कॅफेवाल्याला उबे म्हणून फसवून विकायचं नाही, कोनफळ म्हणूनच द्यायचं, उकडून कुस्करून नमुना न्यायचा, कापून रंग दाखवायचा. आणि त्याच्या शेफला एक गोष्ट आवर्जून सांगायची, हा जांभळा रंग आंबट पदार्थात गुलाबीकडं जातो आणि खायचा सोडा पडला की निळा-हिरवट होतो. हे सांगितलं नाही तर त्याचा पहिला केक राखाडी निघतो आणि तो दोष तुमच्या मालाला देतो. चिरल्यावर काळं पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकायचं हेही सांगा.

करांद्याचं मला जपून बोलू दे. परड्यातला लावलेला, पिढ्यानपिढ्या खाल्लेला करांदा उकडून मीठ लावून छान लागतो, कोकणात थंडीत बाजारात ढीग असतात. पण रानातला कडू करांदा वेगळा, तो राख घालून उकळून, पाणी बदलून बदलून खातात, त्यात लिव्हरला त्रासदायक घटक असतात, आणि दोन्ही वेलांना पानाच्या बगलेत तसेच कंद लागतात त्यामुळं नवख्याला फरक कळत नाही. म्हणून करांदे अनोळखी शहरी गिऱ्हाईकाला पहिल्या वर्षी विकूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाच्या तरी पोटात दुखलं तर तुमचा एकटीचा नाही, सगळ्या कंदांचा बाजार बसतो.

आळकुडीला मार्केट आहेच, पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डला रोज जाते, त्यात तुम्हाला वेगळं काही मिळणार नाही.

सुरणाचं असं आहे की तो दोन प्रकारचा. एक गजेंद्र, मोठा, कमी खाजणारा, एकरी भरपूर निघणारा. हा कराड-वाळव्याच्या बागायती, ठिबकवाल्या रानात ऊस-हळदीच्या आलटून पालटून येणारा माल आहे, टनात जाणारा, आणि ज्या दिवशी चार ऊसवाल्यांनी लावला त्या दिवशी परड्यातल्या गावठी सुरणाला होलसेलमध्ये जागा उरत नाही. त्यांच्याशी रेटवर भांडू नका. हिशोबच बघा, ९० बाय ९० सेंमीवर एकरी साधारण ५००० गड्डे बसतात, प्रत्येकी अर्धा किलो धरला तर नुसतं बेणंच अडीच टन लागतं, हे भांडवल बचत गटाचं नाही. तुमचा सुरण लोणच्यात, कापात आणि ओळखीच्या गिऱ्हाईकात घाला.

ओळखीचं गिऱ्हाईक म्हणजे कोण, तर ज्यांना कंद शिजवायला शिकवावं लागत नाही ते. आणि असे लोक पुण्यात लाखांनी आहेत, आपण त्यांच्याकडं बघतच नाही, आपण सारखं आपल्याच कोथरूड-सदाशिव पेठेतल्या लोकांना पटवत बसतो. पिंपरी-चिंचवड, चाकण, हडपसर भागात उत्तर प्रदेश-बिहारची माणसं राहतात, त्यांच्यातल्या कितीतरी घरात दिवाळीच्या दिवशी सुरणाची भाजी खायची पद्धत आहे, ते त्याला ओल नाहीतर जिमीकंद म्हणतात. केरळी लोक सुरणाला चेना म्हणतात आणि कोनफळाला काचिल, त्यांच्यात धनु महिन्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, तिरुवातिरा सण येतो त्याला सगळे कंद एकत्र करून पुळुक्कू करतात. गुजराती घरात संक्रांतीला उंधियू, त्यात जांभळा कंद लागतोच लागतो. बंगाली, ओडिया लोक सुरण, कोनफळ सगळं खातात. आता बघा, आपला माल निघतो कधी? पानं पिवळी पडून वेल वाळला की, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत. हे सगळे सण त्याच्या आसपासच येतात, फक्त दिवाळीचा सुरण थोडा आधी खणावा लागतो, वजन कमी भरतं पण रेट बरा मिळतो. त्यांच्या भागातल्या भाजीवाल्याला, त्यांच्या किराणा दुकानदाराला जाऊन भेटा, केरळी दुकानं तर हमखास असतात, दुकानाच्या बाहेरच केळी टांगलेली असतात. एका दुकानाला दर आठवड्याला २० किलो वेळेवर पोचवलं तर तो दुकानदार तुमच्यासाठी जाहिरात करतो, तुम्हाला बोर्ड पण लावावा लागत नाही.

आणि आपल्या मराठी माणसाला पकडायची एकच खात्रीची जागा आहे, उपवास. साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलमकडच्या टॅपिओकाचा, बटाटा बाहेरचा, तरी उपवासाच्या ताटात तेच आणि आपला सुरण-कोनफळ कडेला, हे मला खरंच खटकतं. महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चला येते, तेव्हा तुमच्याकडं माल तयार असतो, त्या आठवड्यात सुरणाचे काप, कोनफळाचा किस, कणगी असा एक उपवासाचा जोड करून विका, सोबत शिजवायची कृती. आषाढीला मात्र कंद तुमच्याकडं नसतात, मार्च-एप्रिलपासून त्यांना कोंब फुटायला लागतात, तेव्हा रताळ्याचीच सद्दी. रताळं हे तसं अमेरिकेकडनं आलेलं पण गटाला वर्षभर बाजारात तोंड दाखवायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चला वेल लावून आषाढीला रताळं काढायला हरकत नाही, साडेतीन-चार महिन्यांचं पीक आहे. त्रिवेंद्रमला केंद्र सरकारची कंदपिकांची संशोधन संस्था आहे, १९६३ पासूनची, तिनं भू सोना नावाचं नारिंगी गराचं आणि भू कृष्णा नावाचं जांभळ्या गराचं रताळं काढलंय, रंगामुळं शहरात चटकन नजरेत भरतात. बेण्याची चौकशी बोरगाव नाहीतर कालवड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात करा, ही दोन्ही सातारा जिल्ह्यातली पण तुम्हाला लांब नाहीत, किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात करा, तिथं कंदांवर बरंच काम झालंय.

शेती खात्याचा रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये असतो. तेव्हा कंद जमिनीत असतात आणि गट रिकाम्या हातानं जातात किंवा जातच नाहीत. जा, आळूची पानं न्या, मागच्या वर्षीच्या कंदांचे फोटो न्या, आणि नाव-नंबर घेऊन डिसेंबरची ऑर्डर लिहून घ्या. पुण्यात भीमथडी जत्रा डिसेंबरात भरते, तिथं मग हाच माल द्यायचा. मुंबईचं महालक्ष्मी सरस पण बघा, तुमचा गट उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या अभियानात असेल तर तिथनं रस्ता मिळतो.

पावडरच्या मशीनचं. ताई, आधी कागद-पेन घ्या. सुरणात पाऊण भागापेक्षा जास्त पाणी असतं, वर साल आणि माती निघते, म्हणजे एक किलो पावडरला पाच ते सहा किलो कच्चा सुरण जातो, कोनफळ थोडं कमी. समजा कच्चा माल तुम्ही ४० रुपयांनी धरला तर नुसता मालच २०० ते २४० रुपये झाला, त्यात वीज, मजुरी, पॅकिंग, दुकानदाराचं कमिशन. मग ती पावडर ६००-७०० ला विकायला लागते, आणि घेणारा विचारतो हिचं करायचं काय, त्याला उत्तर नसतं. पावडर त्याच गिऱ्हाईकासाठी करायची जो आधीच मागतोय, म्हणजे बेकरीवाला, आईस्क्रीमवाला, आणि तीही कोनफळाची. घरगुती गिऱ्हाईकाला पावडर नको असते, त्याला सोललेले, चिरलेले, अर्धे वाफवलेले तुकडे पाहिजेत जे कढईत टाकले की भाजी. भीती जिथं आहे तेवढंच काम तुम्ही त्याच्यासाठी करायचं, सोलणं आणि खाज घालवणं. असे तुकडे ताजे दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये राहतात, त्यामुळं ते ऑर्डरवरच करायचे, आणि पुढं जाऊन प्रमाण वाढलं तर फ्रोझन. साताऱ्याजवळ देगावला २०१८ पासून मेगा फूड पार्क आहे, स्वतःचं मशीन घ्यायच्या आधी तिथं भाड्यानं काम करून मिळतं का त्याची चौकशी करा. मशीन घ्यायचंच ठरलं तर केंद्राची २०२० साली सुरू झालेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे, पीएमएफएमई, त्यात कर्जाशी जोडून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान अशी तरतूद होती, आत्ताची स्थिती कृषी कार्यालयात विचारून घ्या. पण अनुदान मिळतंय म्हणून मशीन घेऊ नका, धूळ खात पडलेली मशीनं मी खूप पाहिलीत. चिरून, वाफवून विकणार तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षेचं, बेसिक रजिस्ट्रेशन आधी करून घ्या, आणि पिशवीवर "शुगर बरी होते", "वजन कमी होतं" असलं काही छापू नका, एक तर तो गुन्हा होतो आणि दुसरं म्हणजे खरं नसतं. मूतखडा असलेल्यांनी सुरण-आळकुडी डॉक्टरला विचारून खावी, हे मात्र प्रामाणिकपणे सांगा, त्यानं गिऱ्हाईकाचा विश्वास वाढतोच.

पेरू देशाचं नाव वर आलं तर त्यांचं एक चांगलं उदाहरण पण सांगतो. तिथं डोंगरातले शेतकरी रंगीबेरंगी देशी बटाटे पिढ्यानपिढ्या लावायचे आणि राजधानी लिमामध्ये त्यांना गरिबांचं खाणं समजायचे. १९९८ पासून पापा आंदिना नावाच्या कार्यक्रमात शेतकरी, व्यापारी, शेफ, संशोधक सगळ्यांना एकत्र एका टेबलावर बसवलं, प्रत्येकाची अडचण काय ते विचारलं, आणि मग छोट्या पिशवीत, धुऊन निवडून, तिकापापा या नावानं तो बटाटा सुपरमार्केटला आला, पुढं रंगीत चिप्स पण आल्या. २००५ पासून ३० मे हा त्यांचा राष्ट्रीय बटाटा दिवस आहे आणि आता तोच दिवस संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या जगासाठी धरलाय. यातली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ते टेबल. तुम्ही पण एक दिवस एक केरळी दुकानदार, एक मेसवाली, एक कॅफेवाला आणि एक अडत्या यांना वाडीवर बोलवा, जेवायला घाला, कंद खणताना बघू दे त्यांना, आणि मग विचारा की काय नडतंय. ते जे सांगतील ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळणार नाही. जवळचं बघायचं असेल तर कर्नाटकात जोयड्याला कुणबी लोक कंदांचा मेळा भरवतात, एसटीचा प्रवास आहे, गटानं मिळून जाऊन या.

आता माल कसा ठेवायचा. आपली सांगली यात तयार आहे, हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद ठेवायचं तंत्र पिढ्यानपिढ्या चालत आलंय, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय मिळाला पण हळदीचं मार्केट त्याच्या किती आधीपासून उभं आहे, कारण माल निवडायची, साठवायची आणि उघड सौद्याची शिस्त इथं होती. कंदांना तेवढी शिस्त लावा. खणताना कुदळीचा घाव लागलेला गड्डा वेगळा काढा, तो घरी खा किंवा लगेच चिरून विका, चांगल्या मालात टाकलात तर सगळं पोतं कुजतं. खणल्यावर सावलीत हवेशीर पसरून आठवडाभर साल सुकू द्या, धुवू नका, माती हातानं झाडा. बंद पोत्यात नाही, जाळीच्या पिशवीत नाहीतर क्रेटमध्ये, एकावर एक थर कमी. साठवणीत सुरणाला पांढरा पिठ्या ढेकूण लागतो, दर आठवड्याला बघून लागलेला गड्डा बाजूला काढायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोनफळ, कणगी, रताळं यांना कोल्ड स्टोरेजमध्ये टाकू नका, १२ अंशाच्या खाली ते आतून काळे पडतात, वरून दिसत नाही, चिरल्यावर कळतं. शहरातले ॲपवाले सगळा भाजीपाला एकाच थंड खोलीत ठेवतात, त्यांना माल देणार असाल तर हे लिहून द्या, नाहीतर परत आलेल्या मालाचे पैसे तुमच्या बिलातून जातात.

रानातल्या कंदांबद्दल पण बोलायला पाहिजे कारण तुमचं गाव चांदोलीच्या कडेला आहे. मागणी वाढली की कोणीतरी रानात जाऊन खणायला लागतं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कोयना आणि चांदोली दोन्ही येतात, अभयारण्यातनं काही काढणं हा गुन्हा आहे, पण त्याच्या बाहेर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर पण कंदीलपुष्प या रानफुलाच्या जाती आहेत, गुराखी पोरं त्याचे कंद खायची, त्यातल्या काही जाती जगात फक्त सह्याद्रीतच आहेत आणि धोक्यात आहेत. त्यांचा एक कंदसुद्धा बाजारात जाता कामा नये. गटात ठराव करा की विकायचा माल फक्त लावलेला, आणि पिशवीवर तसं लिहा. शहरातला जागरूक माणूस हे वाचतो.

बेणं जपायचं काम वेगळं आणि तेही तुमच्याच गटाचं. राहीबाई पोपेरेंमुळं गावरान बियाणं घराघरात पोचलं, त्यांना पद्मश्री पण मिळाली, पण धान्याचं बी डब्यात राहतं, कंदाचं राहत नाही, तो दरवर्षी जमिनीत गेलाच पाहिजे. एक वर्ष सगळा माल विकला की वाण गेला. म्हणून प्रत्येक घरानं सगळ्यात चांगले गड्डे आधी बेण्याला काढायचे, मग विकायचे, आणि कुठल्या घरात कुठला वाण आहे याची वही ठेवायची. बेणं वाढवायची सोपी युक्ती आहे, कोनफळाचे ३० ग्रॅमचे आणि सुरणाचे १०० ग्रॅमचे, प्रत्येकाला साल राहील असे तुकडे करून, शेणकाल्यात नाहीतर राखेत घोळवून, सावलीत वाळवून गादीवाफ्यावर लावायचे, कोंब आले की रानात. यानं एका गड्ड्यापासून भरपूर रोपं होतात आणि बाहेरून बेणं विकत घ्यायची गरजच राहत नाही. तुमच्या जांभळ्या कोनफळाचा वाण खरंच वेगळा निघाला तर २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्यांच्या नावावर नोंदता येतो का याची कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. नोंद होत असेल तर गटाच्या नावावर करा, कुणा एका पुढाऱ्याच्या नाही.

रानडुकराचं काय करायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, साळिंदर पण आहेच, त्यामुळं पहिली दोन वर्षं लांबच्या रानात लावू नका, घराजवळ, कुत्र्याच्या टप्प्यात.

पैशाचं एकच सांगतो. परड्यातला कंद बाईनं लावलेला, बाईनं राखलेला असतो, आणि पहिली चांगली पट्टी, म्हणजे विक्रीची रक्कम आली की ती घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खात्यात जाते असं बऱ्याच गावांत झालं आणि पुढच्या वर्षी तिनं लावायचंच सोडलं. गटाच्या खात्यातून ज्या त्या बाईच्या खात्यात, वजनाप्रमाणं, आठ दिवसाच्या आत.

यंदा करायचं असेल तर असं करा. आत्ता घरोघर फिरून वही भरा, किती घरात काय आणि किती किलो. मार्च-एप्रिलमध्ये गादीवाफ्यावर तुकडे, मे अखेर किंवा पहिल्या पावसाला रानात, कोनफळाला बांबूचा नाहीतर शेवरीचा आधार. ऑगस्टमध्ये ऑर्डर. डिसेंबरला पुण्यातली दोन दुकानं आणि एक जत्रा, याच्या पुढं पहिल्या वर्षी जाऊ नका. माल न्यायला वेगळी गाडी करू नका, तुमच्या भागातनं रोज पुण्याला दूध आणि भाजीच्या गाड्या जातात, त्यातल्या एकाशी क्रेटप्रमाणं भाडं ठरवा आणि रिकामे क्रेट परत आणायचं पण त्याच्याशीच ठरवा, नाहीतर क्रेटचेच पैसे जास्त होतात.